घरगुती स्टुडिओतील व्यक्तिछायाचित्रण : प्रकाशयोजनेची तत्त्वे आणि व्यवहार

प्रस्तावना :

मराठी मध्यमवर्गीय घराच्या बैठकीत भिंतीवर टांगलेल्या वडीलधाऱ्यांच्या तसबिरी बारकाईने पाहिल्यास एक गोष्ट ध्यानात येते. यातील पुष्कळशा तसबिरी मुळात स्वतंत्र व्यक्तिचित्रे नसतात. लग्नातल्या समूहचित्रातून अथवा ओळखपत्रावरून चेहरा कापून, मोठा करून, त्यामागे निळसर पार्श्वभूमी भरून त्या तयार केलेल्या असतात. माणूस हयात असताना त्याचे एकही निवांत, नीट प्रकाशात घेतलेले छायाचित्र घरात नसावे, ही स्थिती कॅमेरा दुर्मीळ होता त्या काळात समजण्यासारखी होती. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असूनही ती फारशी पालटलेली नाही. छायाचित्रांची संख्या वाढली, व्यक्तिचित्रांची वाढली नाही. या उणिवेचे मुख्य कारण उपकरणांचा अभाव हे नसून प्रकाशाविषयीचे अज्ञान हे आहे. साध्या घरातील एखाद्या खोलीत, अत्यल्प खर्चात व्यक्तिछायाचित्रण कसे साधता येते आणि त्यामागे प्रकाशाची कोणती तत्त्वे कार्य करतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. महाविद्यालयांतून प्रवेशअर्ज, ओळखपत्रे, वार्षिकांक, निवृत्त प्राध्यापकांचे गौरवग्रंथ अशा अनेक निमित्तांनी व्यक्तिचित्रांची गरज सतत भासत असल्याने हा विषय केवळ छंदाचा उरत नाही.

घर आणि स्टुडिओ : पूर्वपीठिका

छायाचित्रणाची दागेरची पद्धत १८३९ मध्ये जाहीर झाली आणि अवघ्या पंधरा वर्षांत, १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातील नामवंत छायाचित्रकारांपैकी होते. तेव्हाच्या स्टुडिओंना विजेचा दिवा ठाऊक नव्हता. काचेचे छत, काचेची भिंत आणि त्यांवर सरकणारे पडदे हीच त्यांची प्रकाशयोजना होती. प्रकाश कमी, काचपट्टीची संवेदनक्षमता त्याहून कमी. त्यामुळे बसणाऱ्याची मान मागून लोखंडी आधाराने स्थिर करावी लागे. जुन्या छायाचित्रांतील चेहरे ताठर का दिसतात, याचे उत्तर त्या काळच्या शिष्टाचाराइतकेच या आधारातही आहे.

घरगुती स्टुडिओचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन. १८१५ मध्ये कोलकात्यात जन्मलेल्या या बाईंना वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, १८६३ मध्ये, मुलीकडून कॅमेरा भेट मिळाला. इंग्लंडच्या दक्षिणेस असलेल्या वाइट बेटावरील आपल्या घरी त्यांनी कोळशाच्या खोलीची अंधारखोली केली आणि काच बसवलेल्या कोंबड्यांच्या खुराड्याचा स्टुडिओ केला. पुढील काही वर्षांत टेनिसन, डार्विन यांच्यासारखी त्या युगातील थोर माणसे त्यांच्या भिंगासमोर बसली. खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांचे १८६७ मधील प्रसिद्ध छायाचित्र तर त्यांनी हर्शेल यांच्या घरी जाऊन घेतले. छायाचित्र कायम टिकवण्यासाठी लागणाऱ्या हायपो या द्रावणाचा गुणधर्म ज्याने शोधला, त्याच शास्त्रज्ञाचा चेहरा एका गृहिणीने केवळ बाजूने येणाऱ्या प्रकाशात अजरामर केला, हा योगायोग मनोरम म्हणावा लागेल. कॅमेरॉन यांच्या चित्रांतील अस्पष्टतेवर तत्कालीन तज्ज्ञांनी टीका केली. तथापि त्यांची प्रकाशाची जाण कोणालाही नाकारता आली नाही.

भारतात राजा दीनदयाळ यांनी १८९६ मध्ये मुंबईत स्टुडिओ उघडला. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी गोध्रा येथे छायाचित्रणाचा व्यवसाय करीत होते. आपल्या काळात गौतम राजाध्यक्ष (१९५०–२०११) यांनी मराठी वाचकाला व्यक्तिचित्राची गोडी लावली. या परंपरेचा विस्ताराने विचार हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

मऊ प्रकाश व कठोर प्रकाश :

प्रकाशयोजनेतील पहिला प्रश्न प्रकाश किती आहे हा नसून तो केवढ्या आकारातून येतो हा असतो. सूर्य प्रचंड आहे, पण पंधरा कोटी किलोमीटरवरून तो आपल्याला जेमतेम अर्ध्या अंशाचा दिसतो. म्हणून उन्हातल्या सावलीची कड सुरीसारखी धारदार असते. नाकाखाली, भुवयांखाली काळे डाग पडतात. याउलट तीन फूट रुंदीची खिडकी चार फुटांवर बसलेल्या माणसाला सुमारे चाळीस अंशांइतकी मोठी दिसते. तिच्या प्रत्येक भागातून प्रकाश निघतो, एका भागाने पाडलेली सावली दुसरा भाग पुसत जातो आणि उजेडाकडून अंधाराकडे होणारे संक्रमण हळुवार होते. यालाच मऊ प्रकाश म्हणतात.

यातून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो, जो नवशिक्यांना उलटा वाटतो. प्रकाशाचा उगम चेहऱ्याच्या जवळ आणला की प्रकाश अधिक मऊ होतो आणि दूर नेला की कठोर होतो. दिवा जवळ आणल्यास तो डोळ्यावर येईल, म्हणून तो लांब ठेवण्याकडे कल असतो. तो सोडावा लागतो. खिडकीत थेट ऊन येत असेल तर तीवर पांढरे धोतर किंवा पंचा ताणून बांधावा. ऊन त्या कापडावर पडते आणि मग कापड हाच प्रकाशाचा उगम होतो. बाजारातील महागडी सॉफ्टबॉक्स नावाची पेटी याहून वेगळे काही करीत नाही. दिव्यापुढे बटरपेपर लावूनही हाच परिणाम मिळतो. मात्र तो दिवा एलईडी असावा. लग्नाच्या चित्रीकरणात पूर्वी सर्रास वापरले जाणारे हजार वॅटचे हॅलोजन घरी लावून त्यापुढे कागद वा कापड बांधणे म्हणजे आगीला निमंत्रण होय.

अंतराचा नियम :

लहान उगमातून निघणारा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात मंदावतो, हे भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांना सांगावयास नको. अंतर दुप्पट केले की उजेड चौथाई होतो. छायाचित्रकाराला या नियमाचा उपयोग मात्र वेगळ्याच ठिकाणी होतो : पार्श्वभूमी उजळ ठेवायची की काळोखी, हे तो या नियमाने ठरवतो. समजा, दिवा चेहऱ्यापासून तीन फुटांवर आहे आणि मागची पांढरी भिंत चेहऱ्याच्या मागे चार फुटांवर, म्हणजे दिव्यापासून सात फुटांवर आहे. भिंतीवर चेहऱ्याच्या तुलनेत नऊ एकोणपन्नासांश, म्हणजे एक पंचमांशाहूनही थोडा कमी प्रकाश पोहोचतो. पांढरी भिंत छायाचित्रात गडद करडी दिसते. तोच दिवा सहा फुटांवर नेला तर भिंत दहा फुटांवर राहते आणि तिच्यावर छत्तीस टक्के प्रकाश पोहोचतो. भिंत न रंगवता, पडदा न बदलता तिची छटा पालटली. मोठी खिडकी अगदी जवळ असता प्रकाश या गणितापेक्षा सावकाश मंदावतो, एवढा फरक ध्यानी घ्यावा.

या तत्त्वाचे सुंदर दर्शन एका चित्रात घडते. सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांनी १९४५-४६ च्या सुमारास जलरंगात रंगवलेले ‘ग्लो ऑफ होप’ हे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. त्यासाठी त्यांची कन्या गीता या उभ्या राहिल्या होत्या. हातातील दिव्याची ज्योत तळव्याने आडोसा करून जपणाऱ्या या स्त्रीचा चेहरा उजळला आहे आणि मागचा परिसर अंधारात बुडाला आहे. लहानशी ज्योत चेहऱ्याच्या जवळ असल्याने उजेड झपाट्याने विरतो, हे गणित चित्रकाराने डोळ्यांनी टिपले आहे. खालून येणारा प्रकाश चेहरा सहसा भेसूर करतो. येथे तळव्याने ज्योत झाकली आहे आणि तळव्यावरून परतलेल्या उबदार उजेडाने ती भेसूरता मोडली आहे. परावर्तकाचा एवढा नेमका धडा छायाचित्रणाच्या पुस्तकांतही क्वचितच मिळेल.

उत्तरेची खिडकी : पाठ्यपुस्तक आणि महाराष्ट्र

युरोपीय चित्रकारांच्या परंपरेतून आलेला एक नियम इंग्रजी पुस्तकांतून हमखास आढळतो : स्टुडिओची खिडकी उत्तरेला असावी, कारण तेथून थेट ऊन कधी येत नाही. हा नियम आपल्याकडे जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. मुंबई सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या मध्यास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस तेथे मध्यान्हीचा सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि या दोन दिवसांच्या दरम्यान तो मध्यान्हीही उत्तरेकडे असतो. शिवाय वसंतसंपातापासून शरदसंपातापर्यंत सूर्य पूर्वेच्या उत्तरेस उगवतो व पश्चिमेच्या उत्तरेस मावळतो. त्यामुळे उन्हाळ्यात सकाळी व सायंकाळी उत्तरेच्या खिडकीत तिरपे ऊन शिरते. सुदैवाने जून-जुलैत आकाश ढगांनी झाकलेले असते आणि ढग हाच सर्वांत मोठा पांढरा पडदा होय. पावसाळा छायाचित्रणास प्रतिकूल, ही समजूत व्यक्तिचित्राच्या बाबतीत तरी चुकीची आहे.

ज्यांच्या वाट्याला जुना वाडा आला आहे, त्यांना खिडकीचीही गरज नाही. चौकाच्या मध्यभागी माणूस उभा केला तर प्रकाश केवळ माथ्यावरून येतो आणि डोळ्यांच्या खोबणी अंधारतात. त्याच माणसाला पडवीत, छपराच्या कडेपासून दोन-तीन फूट आत, चौकाकडे तोंड करून बसवावे. छप्पर वरचा उजेड अडवते, समोरचा तेवढा येऊ देते आणि डोळ्यांत चौकातील आकाशाचे प्रतिबिंब चमकते. ही चमक नसलेले डोळे छायाचित्रात निर्जीव भासतात. म्हणून डोळ्यांत उजेडाचा ठिपका दिसतो की नाही, हे कॅमेऱ्याची कळ दाबण्यापूर्वी पाहावे.

खोलीची मांडणी आणि दिव्यांच्या जागा :

दहा फूट बाय बारा फुटांची खोली या कामास पुरते. भिंतीपासून चार फूट पुढे माणूस बसवावा, म्हणजे त्याची सावली भिंतीवर चिकटणार नाही. त्याच्यापुढे पाच-सहा फुटांवर कॅमेरा असावा. हे अंतर महत्त्वाचे आहे. नाकाचे टोक कानांपेक्षा साधारण दहा सेंटीमीटर पुढे असते, असे धरू. मोबाइल नाकापासून तीस सेंटीमीटरवर धरला तर कान चाळीस सेंटीमीटरवर राहतात आणि नाक कानांच्या तुलनेत तेहतीस टक्के मोठे उमटते. दीड मीटरवरून हाच फरक सात टक्क्यांपेक्षा कमी होतो. म्हणून स्वतःच्या हाताने घेतलेल्या छायाचित्रात नाक फुगीर दिसते. तो दोष नाकाचा नव्हे, अंतराचा असतो. मोठ्या कॅमेऱ्याला ८५ ते १०५ मिलिमीटरचे भिंग व्यक्तिचित्रासाठी सुचवले जाते, ते याच कारणाने. त्या भिंगाने चौकट भरायची तर मागे सरावेच लागते.

चेहऱ्याला आकार देणारा प्रमुख दिवा अथवा खिडकी म्हणजे मुख्य प्रकाश; स्टुडिओच्या परिभाषेत की लाइट. तो डोळ्यांच्या पातळीपेक्षा वर आणि एका बाजूला असावा. समोरून सरळ आलेला प्रकाश चेहरा सपाट करतो. बाजूला व वर साधारण पंचेचाळीस अंशांवर दिवा ठेवला की नाकाची सावली गालाच्या सावलीला मिळते आणि अंधाऱ्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा एक लहानसा त्रिकोण उरतो. सतराव्या शतकातील डच चित्रकार रेम्ब्रां याच्या व्यक्तिचित्रांत तो वारंवार दिसत असल्याने या मांडणीला त्याचेच नाव मिळाले. दिवा थोडा समोर आणला तर त्रिकोण मोडतो व नाकाशेजारी लहान वळणदार सावली पडते. बहुतेक चेहऱ्यांना हीच मांडणी मानवते. १९३० च्या दशकात हॉलिवूडच्या नायिकांसाठी दिवा बरोबर समोर व बराच उंच ठेवीत, त्याने नाकाखाली फुलपाखरासारखी सावली पडे. गालफडे बसलेल्या वृद्ध चेहऱ्यासाठी मात्र ही मांडणी टाळावी. ती खळगे अधिक खोल दाखवते.

दुसऱ्या बाजूची सावली किती गडद ठेवायची, हे पूरक प्रकाश ठरवतो. त्यासाठी दुसरा दिवा लागतोच असे नाही. पांढरा कार्डशीट किंवा पुठ्ठ्यावर चिकटवलेला ड्रॉइंग पेपर चेहऱ्याच्या अंधाऱ्या बाजूला दोन फुटांवर धरला की पुरे. उजळ बाजू सावलीच्या दुप्पट उजळ असेल तर चित्र सौम्य व प्रसन्न वाटते. चौपट असेल तर गंभीर, नाट्यमय. खोलीच्या भिंती हिरव्या वा गुलाबी असतील तर त्यांवरून परतणारा प्रकाश चेहऱ्यावर तोच रंग चढवतो आणि कॅमेऱ्याला दोष दिला जातो. अशा वेळी भिंतीवर पांढरी चादर टांगावी.

रंगाचा आणखी एक घोटाळा दिव्यांच्या मिश्रणातून होतो. दिवसाचा प्रकाश सुमारे ५५०० केल्व्हिन, पिवळा बल्ब २७०० ते ३००० आणि पांढरी ट्यूब ६५०० केल्व्हिनच्या आसपास असते. खिडकी उघडी ठेवून बल्बही लावला तर अर्धा चेहरा निळसर व अर्धा नारिंगी होतो. कॅमेरा एकाच रंगाचा तोल साधू शकतो, दोहोंचा नाही. म्हणून एका वेळी एकाच जातीचा प्रकाश वापरावा. स्वस्त दिवे आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते कळत नाही, चित्रात मात्र आडवे पट्टे उमटतात; अशा वेळी शटरची गती एक पन्नासांश वा एक शतांश सेकंद ठेवल्यास बहुधा निभावते.

चष्मा लावणाऱ्यांची अडचण निराळी. काचेत दिवा चमकू लागला की चष्मा काढायला सांगण्याचा सोपा मार्ग छायाचित्रकार पत्करतात. वस्तुतः ज्या माणसाला तीस वर्षे सर्वांनी चष्म्यातच पाहिले, त्याचे बिनचष्म्याचे चित्र त्याचे वाटत नाही. दिवा आणखी वर न्यावा, हनुवटी किंचित खाली घ्यावी, प्रतिबिंब सरकते.

सावळा वर्ण आणि कॅमेऱ्याचे माप :

प्रस्तुत विषयातील सर्वांत दुर्लक्षित आणि आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक यंत्रणा समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे आहे असे गृहीत धरते. छपाईत रूढ झालेल्या मापानुसार हा करडा पृष्ठभाग सुमारे १८ टक्के प्रकाश परत पाठवतो. दृश्यात पांढऱ्याचे प्राबल्य असेल तर यंत्रणा त्यालाही करडे करू पाहते आणि संपूर्ण चित्र काळवंडते. आता महाविद्यालयात ओळखपत्रांसाठी छायाचित्रे काढली जातात तो प्रसंग डोळ्यांपुढे आणावा. मागे पांढरी चादर, अंगात पांढरा गणवेश, माथ्यावर ट्यूबलाइट. कॅमेरा पांढऱ्याला करडे करतो आणि सावळ्या मुलाचा चेहरा काळ्या डागासारखा उमटतो. परीक्षेच्या वेळी पर्यवेक्षक त्या छायाचित्राकडे आणि समोरच्या विद्यार्थ्याकडे आळीपाळीने पाहत राहतो. यात विद्यार्थ्याच्या वर्णाचा काहीही दोष नाही, मापनाचा आहे. चेहरा ओळखणारे नवे कॅमेरे ही चूक बऱ्याच अंशी सुधारतात, पूर्णतः नाही.

या दोषाला इतिहासही आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक देशांतील रंगीत छपाईच्या प्रयोगशाळा कोडॅक कंपनीने पुरवलेल्या एका प्रमाणचित्राशी रंग जुळवून घेत. त्यावर गोऱ्या वर्णाची एक तरुणी असे आणि ‘शर्ली कार्ड’ या नावाने ते ओळखले जाई. तिची त्वचा योग्य दिसली की छपाई योग्य, असा संकेत होता. निरनिराळ्या वर्णांच्या व्यक्ती असलेली प्रमाणचित्रे १९९० च्या दशकात आली. प्रमाण मानलेला चेहराच एका वर्णाचा असेल तर इतर सर्व चेहरे अपवाद ठरतात, हे सामाजिक शास्त्रांच्या अभ्यासकांनी तंत्रज्ञानाच्या संदर्भात अवश्य विचारात घ्यावे असे उदाहरण आहे.

उपाय अवघड नाही. पार्श्वभूमी वगळून केवळ चेहऱ्यावरून माप घ्यावे. मोबाइलवर चेहऱ्यावर बोट टेकवून ते माप स्थिर करता येते. स्वयंचलित मापावर विसंबायचे नसेल तर तळहाताचा आधार घ्यावा. वर्ण कोणताही असो, तळहाताची उजळता माणसामाणसांत फारशी बदलत नाही आणि ती मध्यम करड्यापेक्षा साधारण एका स्टॉपने, म्हणजे दुप्पट अधिक असते. चेहऱ्याजवळ, त्याच प्रकाशात तळहात धरून माप घ्यावे आणि प्रकाश दुप्पट द्यावा. सावळा चेहरा सावळाच आणि गोरा गोराच येतो.

मापाइतकीच दिव्याची जागाही महत्त्वाची आहे. गोऱ्या त्वचेवर आकार प्रामुख्याने सावलीने कळतो. गडद त्वचेवर तो तकाकीने कळतो. गालाचे हाड, कपाळ, नाकाचा कणा यांवर पसरलेली मंद झळाळी हीच त्या चेहऱ्याची रेखा असते. म्हणून गडद वर्णासाठी अधिक तीव्र दिवा नको, अधिक मोठा उगम हवा. खिडकीच्या बाजूला थोडे वळवून बसवले की तिचे रुंद, मृदू प्रतिबिंब त्वचेवर पसरते. छोट्या दिव्याने त्याच जागी पांढरे, तेलकट ठिपके येतात आणि मग पावडर फासण्याची वेळ येते. काळे केस, काळी पार्श्वभूमी आणि गडद वर्ण एकत्र आल्यास डोक्याची कड हरवते; तेथे मागच्या बाजूने एक लहान दिवा केसांवर टाकावा किंवा पार्श्वभूमीच करडी घ्यावी.

स्टुडिओत ग्राहकाला ‘उजळ’ करून देण्याची प्रथा आपल्याकडे जुनी आहे. पूर्वी निगेटिव्हवर शिसपेन्सिलीने काम करीत. आज मोबाइलमधील सौंदर्यवर्धक सोय ते काम न सांगता करते. अनेक मोबाइलमध्ये ती सोय आधीच सुरू असते, हे वापरणाऱ्यास ठाऊकही नसते. ती बंद करून मगच व्यक्तिचित्र घ्यावे. ती सुरकुत्यांबरोबर अभिव्यक्तीही पुसते आणि वर्णाबाबत जो न्यूनगंड समाजाने दिला तोच पुन्हा चित्रात छापते. तात्पुरती पुटकुळी झाकणे व माणसाचा वर्ण बदलणे या दोन कृती एकाच श्रेणीत बसत नाहीत.

बसणारी व्यक्ती :

१९४१ च्या ३० डिसेंबरला कॅनडाच्या संसदभवनात यूसुफ कार्श यांनी विन्स्टन चर्चिल यांच्या तोंडातील सिगार अचानक काढून घेतली आणि त्यांच्या मुद्रेवरील संताप टिपला. ही कथा छायाचित्रकारांना फार प्रिय आहे, पण घरातील ज्येष्ठांवर तिचा प्रयोग करू नये. ज्येष्ठ व्यक्ती कॅमेऱ्यासमोर ताठ होते, कारण छायाचित्र हा तिच्या आयुष्यात वर्षानुवर्षे समारंभाचा किंवा कचेरीचा भाग होता. दिवे आधी लावून, मापे आधी घेऊन ठेवावीत. त्यासाठी घरातील दुसऱ्या कोणास बसवावे. आजी किंवा आजोबा येऊन बसल्यावर दिव्यांशी झटापट करू नये. हातांना काहीतरी काम द्यावे. वाती वळणे, शेंगा सोलणे, पेपर चाळणे यांपैकी जे नित्याचे असेल ते. त्यांच्या गावाची, नोकरीच्या पहिल्या दिवसाची गोष्ट काढावी आणि उत्तर संपल्यानंतरच्या क्षणी कळ दाबावी, कारण बोलताना ओठ वेडेवाकडे होतात आणि बोलून झाल्यावर चेहऱ्यावर त्या आठवणीची छाया काही क्षण रेंगाळते. अर्ध्या तासाहून अधिक काळ बसवू नये. घेतलेली चित्रे त्यांना तेथेच दाखवावीत व निवड त्यांच्यावर सोपवावी. निवडलेल्या चित्राची मॅट कागदावर बारा बाय आठ इंचांची प्रत काढून घ्यावी आणि मूळ फाइल मोबाइलखेरीज आणखी दोन ठिकाणी जपून ठेवावी.